चुली वजा घरं

माणसं मोजायची कशी हे सरकारला अजून उमगलेलं नाही, म्हणून ते चुली मोजतं. हे मी रागाने म्हणत नाही. खोटं कशाला बोलू, रागानेच म्हणतोय. पण माझा राग चौदा रकान्यांत छापलेला आहे आणि त्याखाली साहेबांची सही आहे.

आमचा जिल्हा वाढतोय. हे वाक्य गेली दहा वर्षं प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असतं, मी स्वतः ते कितीतरी वेळा टाइप केलंय. कारखाने आले, रुंद रस्ता आला, मोठे दवाखाने आले, आणि ह्या सगळ्यात राबायला माणसंही आली. घरं मात्र आली नाहीत. जी आली त्यांच्या जाहिरातीतली बाई इतकी निवांत हसत होती, की बघताक्षणी कळावं, हे आपल्यासाठी नाही. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की बाकीची माणसं राहतात कुठे हे एकदा विचारून बघावं. मग निघाली 'परवडणाऱ्या घरांच्या गरजेची पाहणी'. दारोदार विचारायला जो माणूस लागतो तो नोंदणी विभागातला, कोपऱ्यातल्या टेबलावरचा आणि 'नाही' म्हणायला न शिकलेला असावा लागतो. असे आम्ही तिघे होतो. एकाचं पोट दुखलं, दुसऱ्याची सासू आजारी पडली.

"तुमच्याच गल्लीपासून सुरुवात करा," साहेब म्हणाले. "अडुसष्ट घरं, आठ दिवस. सोपं आहे. एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. घरातल्या चुली मोजायच्या, त्यातून घर वजा करायचं. उरेल ती गरज. एक घर, एक चूल, गरज शून्य. एक घर, दोन चुली, गरज एक."

"साहेब, एका घरात नऊ माणसं असली आणि चूल एकच असली तर?"

"मग ते सुखी कुटुंब. सुखी कुटुंबाला दुसरं घर कशाला हवं?"

नऊ हा आकडा मी हवेतून काढला नव्हता.

आमचं घर अडीच खोल्यांचं. आई, थोरला भाऊ म्हणजे दादा, वहिनी, त्यांच्या दोन मुली, मी, माझी बायको आणि आमच्या दोघी. मोजा, नऊ भरतात. अर्धी खोली म्हणजे मधल्या खोलीला लागून असलेलं एक खबदाड. तिला दार नाही, पडदा आहे. पडद्यामागे ट्रंका, गाद्या आणि आईचं बंद पडलेलं शिवणयंत्र. कपडे बदलायचे तर पडद्याआड जायचं आणि गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्याला समजतं की आत कुणीतरी आहे. आमच्या घरात गळा कुणालाच नाही, पण गातात सगळे.

आणि हो, वहिनी आणि माझी बायको ह्या दोघींचं पटतं. इतकं पटतं की शेजारणींना त्यात काहीतरी काळंबेरं वाटतं. एक विळीवर बसली की दुसरी न सांगता परात सरकवते. तेव्हा आमची चूल एकच, आणि ह्या एकीची शिक्षा काय, तर गरज शून्य.

पाहणीचं सांगितलं त्या संध्याकाळी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आपलंही लिहा हं," ती म्हणाली.

"आपलं काय लिहायचं? एक घर, एक चूल. शून्य."

तिचा हात थांबला. "शून्य?"

"नियम आहे तसा."

"अहो, मला बंगला नकोय. मला दुसरं घरही नकोय. मला एकदा, फक्त एकदा, आतून कडी लावून अर्धा तास बसायचंय. पंधरा वर्षं झाली लग्नाला. ह्या घरात आतून लागणारी कडी एकच, मोरीची. तिथेही जरा वेळ झाला की आई विचारतात, बरं वाटत नाही का गं?"

"कडीसाठी रकाना नाही," मी म्हणालो.

हे मी का बोललो मला आजही कळत नाही. आयुष्यभर तक्ते भरले की माणूस तसं बोलायला लागतो. त्यानंतर दोन दिवस तिने माझ्याशी अबोला धरला. अडीच खोल्यांत अबोला धरणं ही फार कसरतीची गोष्ट आहे. तिला मला काही सांगायचं असलं की ती आईला सांगे, आई दादाला, दादा वहिनींना आणि वहिनी मला. आणि आम्ही पाचहीजण एकाच सतरंजीवर बसलेले.

पाहणीच्या पहिल्या दिवशी मी पहिल्याच घरी घात करून घेतला. पहिलं घर निवृत्त पोस्टमास्तरांचं. पोस्टमास्तर म्हणजे वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस. पत्रावळीवर काही छापलेलं असतं तर ते वाचून मगच जेवले असते. त्यांनी तक्ता पुढून वाचला, मागून वाचला, उजेडात धरून वाचला, आणि शेवटच्या ओळीतल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

"हे काय? 'गरज बरोबर चुली वजा घर.' म्हणजे कसं?"

आता मला म्हणता आलं असतं, की काका, ते कार्यालयाचं आहे, तुम्ही सही करा. पण समोर चहा आला होता, त्यांच्या मिसेस कौतुकाने ऐकत होत्या, आणि मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी काही समजावून सांगायला सांगितलं नव्हतं. मी पाय पसरून बसलो आणि उदाहरणांसकट समजावलं. 

"म्हणजे घरात दुसरी चूल दिसली, की एक घर मिळालं!"

"मिळालं नाही हो काका. गरज नोंदली गेली. नोंदणं वेगळं आणि मिळणं वेगळं."

"ते तुमच्या कार्यालयात," पोस्टमास्तर म्हणाले.

गल्लीच्या नळाशेजारी एक काळा फळा आहे. पाणी कधी येणार, कुणाची मांजर हरवली, हे पोस्टमास्तर त्यावर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहितात. सायंकाळी मी परतत होतो तेव्हा फळ्यावर एवढंच होतं: 'दुसरी चूल = एक घर. पाहणी चालू आहे. त्वरा करावी.' तिसरं वाक्य त्यांनी दोनदा अधोरेखित केलं होतं.

गल्लीने त्वरा केली. गल्ली नळाच्या गळतीसाठी अर्जावर सही करायला तीन वर्षं घेते, पण चुलीच्या बाबतीत तिने एक रात्र घेतली. दुसऱ्या दिवशी मी शिंप्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत संसार. दुकानातल्या कापायच्या टेबलावर, कात्री आणि टेपच्या मधोमध, एक हिरवी शेगडी ठेवलेली. तिला तीनच पाय होते. चौथ्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ लावलेलं.

"ही कुणाची?"

"माझी," शिंपी म्हणाला. "आम्ही वेगळे झालो."

"कोण कोण?"

"मी आणि ही."

आतून त्याच्या बायकोने मान बाहेर काढली. "खरंय भाऊजी. माझं आणि ह्यांचं काही म्हणता काही पटत नाही. चहा घेणार ना? अहो, साखर कुठे ठेवलीत?"

"वरच्या फळीवर, डाव्या हाताला. थांब, मी काढून देतो, तुझा हात पोचत नाही."

मी लिहिलं: चुली दोन. काय लिहू? डोळ्यांना दोन दिसत होत्या. माणसांची मनं तपासायचा अधिकार मला नव्हता.

पुढे व्यायामशाळेचे मास्तर. एकटा जीव, ना बायको, ना पोर. त्यांच्याकडेही दोन चुली!

"मास्तर, तुम्ही तर एकटेच राहता!"

"सकाळचा मी आणि संध्याकाळचा मी, आमचं जमत नाही," मास्तर म्हणाले. "सकाळचा फार कडक आहे."

तिथून पोस्टमास्तरांच्या घरावरून जात होतो. त्यांचा तक्ता आदल्या दिवशीच भरून झाला होता, एक चूल, शून्य. त्यांनी मला ओढतच आत नेलं. "दुरुस्ती करा. कालपासून परिस्थिती बदलली." व्हरांड्यात हिरवी शेगडी. तीन पाय, आणि चौथ्याच्या जागी दोऱ्याचं रीळ.

"काका, ही शेगडी मी आत्ता शिंप्याकडे बघितली."

"एका कंपनीच्या शेगड्या सारख्याच असतात."

"रिळासकट?"

पोस्टमास्तर गंभीर झाले. "हे बघा, तुम्ही माणसं मोजायला आला आहात की पाय?"

ह्या प्रश्नावर मी आजही विचार करतोय.

सगळ्याचं मूळ निघालं कोपऱ्यावरच्या शेगडीवाल्याकडे. लोकांनी दुरुस्तीला टाकलेल्या शेगड्या त्याच्या दुकानात माळ्यापर्यंत रचलेल्या असत. कित्येकांनी त्या नेल्याच नव्हत्या. त्या आता फिरतीवर निघाल्या होत्या. मी पुढच्या दारातून एका घरात शिरलो की मागच्या दारातून शेगडी पुढच्या घरी जायची. बिचाऱ्याने मोबदल्यात काही घेतलं नाही, उलट मला अभिमानाने म्हणाला, "साहेब, गल्लीच्या कामी येतंय, बस्स. सगळ्यात चालू माल म्हणजे ती हिरवी. तुमचीच आहे ती. सोमवारी वहिनीसाहेबांनी पाय बसवायला दिली ना?"

मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो.

ती हिरवी आमचीच होती. पाय मोडला म्हणून सोमवारी दिलेली, आणि तेव्हापासून वहिनी आणि बायको पोस्टमास्तरांच्या स्वयंपाकघरात स्वयंपाक करून पातेली घरी आणत होत्या. म्हणजे अख्ख्या गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात दोन चुली, आणि ज्याने त्या मोजल्या त्याच्या घरात एकही नाही. बसल्या जागी मी हिशेब मांडला. चुली शून्य, वजा घर एक. गरज उणे एक. सरकारी नियमाने बघितलं तर आम्ही नऊजण मिळून जिल्ह्याला एक घर देणं लागत होतो.

आठव्या दिवशी मी आकडे कार्यालयात दिले. घरं अडुसष्ट, गरज एकसष्ट. आमचं घर रिकामं ठेवलं. स्वतःचं शेवटी भरावं असा संकेत आहे. साहेबांनी चष्मा वर केला.

"एकसष्ट? नदीपलीकडच्या सबंध वस्तीची गरज चाळीस आली आहे. तिथे लोक पत्र्याखाली राहतात."

"तिथे चुली कमी असतील साहेब. पेटवायला काही नसेल."

हे मी सरळ मनाने बोललो, पण साहेबांना ते टोचलं. "उद्या मी स्वतः फेरतपासणीला येतो," ते म्हणाले. "आकडा खोटा निघाला तर सही तुमची आहे."

हे मी घरी सांगितलं. बायकोने आईकडे बघितलं, आईने वहिनींकडे, आणि वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जेवून घ्या." मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

साहेबांची तपासायची रीत भयंकर होती. ते शेगडीवर पालथा हात ठेवायचे. थंड असली की तक्त्यावर लाल फुली. शिंप्याच्या टेबलावरची थंड, मास्तरांची संध्याकाळची थंड. बऱ्याच ठिकाणी तर शेगडी होती पण तिला नळीच नव्हती. एका घरात साहेबांनी हात ठेवला तो धूळ लागून काळा झाला. गल्लीभर माझ्या अब्रूवर एकेक लाल फुली पडत गेली. शेजारी दारादारांत उभे राहून मला धीर देत होते, आणि तो धीर ऐकून मला जास्त घाम फुटत होता.

"साहेबांना सांगा, चूल पेटली नाही म्हणून गरज थंड होत नाही!" पोस्टमास्तर ओरडले. हे वाक्य त्यांनी रात्रभर घोटलं असणार.

"आता तुमचं घर," साहेब म्हणाले.

"साहेब, माझ्याकडे सध्या चूल नाही. दुरुस्तीला दिली आहे. नियमाप्रमाणे उणे एक येतं."

साहेब थांबले. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली, ती त्यांच्या ओठांवर दिसली. "उणे लिहिता येत नाही," ते म्हणाले. "उणे लिहिलं तर वसुली काढावी लागेल."

आम्ही आत गेलो, आणि मी दारातच थिजलो. स्वयंपाकघरात आमची हिरवी, नव्या पायासह, ढणढण पेटलेली. आणि पडद्याआडच्या अर्ध्या खोलीत, आईच्या शिवणयंत्रावर, दुसरी शेगडी, पोस्टमास्तरांचं जादा सिलिंडर लावून, तीही पेटलेली. दोन्हींवर पाणी उकळत होतं. नुसतं पाणी. एका बाजूला वहिनी, दुसऱ्या बाजूला माझी बायको, दोघींनी कमरेवर हात ठेवलेले. मध्ये खुर्चीवर आई.

"माझ्या मिठाला हात लावायचा नाही!" वहिनी भिंतीकडे बघून म्हणाल्या.

"तुमचं मीठ? मीठ ह्यांनी आणलंय, जाऊबाई!"

पंधरा वर्षांत माझ्या बायकोने त्यांना 'ताई'शिवाय हाक मारली नव्हती. 'जाऊबाई' कानावर पडताच वहिनींना हसू फुटलं. ते लपवायला त्यांनी पातेल्यावर झाकण आपटलं.

"आता रडू का?" आईने विचारलं.

"अजून नाही आई!" दोघी एकदम म्हणाल्या.

इतकं वाईट नाटक मी उभ्या जन्मात बघितलं नाही. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं, पण जमिनीवर दादा बसला होता.

साहेबांनी पेन काढलं. "वेगळ्या कधीपासून आहात?"

"कालपासून," वहिनी म्हणाल्या.

"वर्षापासून," बायको म्हणाली.

"आणि भांडण कशावरून?"

ही तयारी त्यांनी केलीच नव्हती. पंधरा वर्षं न भांडलेल्या बायकांना भांडणाचं कारण कुठून सुचणार? शेवटी वहिनी म्हणाल्या, "खोकल्यावरून."

"कुणाच्या?"

"माझ्याच. मला रात्रीचा खोकला येतो. हिच्या पोरी दचकून उठतील म्हणून मी उशीत तोंड खुपसून दाबते. छाती फुटायची वेळ येते."

माझ्या बायकोचे हात कमरेवरून खाली आले. "तुम्हाला खोकला आहे? कधीपासून?"

"झाले दोन हिवाळे."

"आणि मला सांगितलं नाहीत? दोन हिवाळे? मी कोण लागते तुमची?" हा आवाज नाटकातला नव्हता. "एका ताटात जेवतो आपण, ताई! आणि तुम्ही उशीत तोंड खुपसून खोकता!"

"तू तरी सांगतेस का? नळ सोडून मोरीत रडतेस ते? मला काय कळत नाही धाकटे? बादलीत पाणी पडतं त्याचा आवाज वेगळा, आणि भरलेल्या बादलीवरून वाहून जातं त्याचा वेगळा! किती पाणी वाया घालवलंस! एकदा तरी येऊन म्हणालीस, ताई, मला रडू येतंय?"

"कुठे येऊन म्हणू? कुठल्या खोलीत? जाईन तिथे चार माणसं बसलेली!"

"मग माझ्यावर कशाला ओरडतेस? मी काय जाड आहे म्हणून जागा पुरत नाही का?"

"मी असं म्हणाले?"

"मला तर ह्यांच्या वडलांशी बोलायचं असतं," आई मधेच म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"सहा वर्षं झाली जाऊन. दिवसाकाठी दोन शब्द बोलावेसे वाटतात. काही विशेष नाही. आज भाजी महाग होती, धाकटीची छोटी पहिली आली, असंच. पण समोर आठजण ऐकणारे. म्हातारी चळली म्हणाल." मग तिने इकडेतिकडे बघितलं. "हे रडायचं होतं का? की ते नंतर?"

दादा सतरंजीचा दोरा उसवत बसला होता. साहेबांना कुठे बघावं ते कळेना. अशा वेळी कार्यालयातला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं: नियमाप्रमाणे तपासणी. त्यांनी हात पालथा केला आणि पेटलेल्या शेगडीवर ठेवला.

साहेबांची किंकाळी गल्लीच्या नळापर्यंत गेली. आणि त्या किंकाळीसरशी आमचं भांडण संपलं. वहिनींनी साहेबांचं मनगट धरलं, बायकोने नळ सोडला, एकीने शेगडी बंद केली, दुसरीने स्टूल सरकवलं, आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "चोळू नका!" मग तो पाच बोटांचा हात पाण्याखाली धरून दोघी त्याच्यावरून वाकल्या आणि आपसात बोलू लागल्या. "ताई, ते मलम." "तुझ्या डाव्या हाताला, ट्रंकेवर." "झाकण घट्ट लागलंय." "आण इकडे." साहेब नुसते बघत राहिले. एका चुलीवर जेवणारी माणसं कशी दिसतात, हे त्यांना लाल फुलीशिवाय समजलं होतं.

"चूल एक," साहेब दारात जोडे घालताना म्हणाले. उजव्या हाताला फडकं होतं, म्हणून पेन माझ्याकडे दिलं. "लिहा. गरज शून्य."

मी लिहिलं.

"शेऱ्याचा रकाना मोकळा ठेवायचा नसतो," ते जरा थांबून म्हणाले. मग पायरी उतरले, पुन्हा एक पायरी चढले. "आमच्याकडे दहा माणसं आहेत. चूल एकच." आणि गेले.

त्या दुपारी मी शेरा लिहिला. तीन पानं झाली. त्यात मी जिल्ह्याला सोडलं नाही, कार्यालयाला सोडलं नाही, जाहिरातीतल्या बाईलाही सोडलं नाही. घर मिळवायला माणसांनी भांडलंच पाहिजे हा कुठला न्याय, असा एक परिच्छेद तर असा उतरला की वाचताना माझेच कान तापले. दुसऱ्या दिवशी मी ती पानं संगणकावर बसणाऱ्या मुलीपुढे ठेवली. तिने ती शांतपणे वाचली.

"छान आहे काका. पण शेऱ्यात पंधरा अक्षरं बसतात. मोकळ्या जागा धरून."

तीन पानांचा राग पंधरा घरांत बसवायला मला जेवणाची सुट्टी पुरली नाही. आधी 'धिक्कार असो' लिहिलं, खोडलं. मग 'माणसं मोजा' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी घड्या घालताना थांबलेला एक हात आठवला आणि लिहिलं: 'आतून कडीचं दार हवं'. तेरा झाली. उरलेल्या दोन जागांत मी दोन उद्गारचिन्हं टाकली. बाकी राग तिथे बसवला.

अहवाल निघाला तो दोन खंडांत. आमच्या गल्लीपुढे 'गरज: निरंक' असं छापलं होतं. शिंपी महिनाभर माझ्याशी बोलला नाही. त्याला वाटलं मी फितूर झालो. त्याची बायको मात्र बोलायची, कारण ते वेगळे झाले होते ना. मास्तरांनी दुसरी शेगडी परत केली आणि संध्याकाळच्या स्वतःशी तडजोड केली. मीही विसरलो.

पाच महिन्यांनी एका रविवारी सकाळी गल्लीत टेम्पो शिरला. त्यात दार होतं. एक दार. चौकटीसकट, नवं कोरं, लाकडाचा वास येणारं, आणि आतल्या बाजूला चकचकीत कडी.

"हे काय?" मी विचारलं.

टेम्पोवाल्याने कागद दाखवला. 'किरकोळ दुरुस्ती, शेऱ्यानुसार. दारं: एक. भिंती: निरंक.' सगळ्या जिल्ह्याच्या पाहणीतून ही एवढी एक गरज कुणाला तरी परवडली होती. सही कुणाची आहे ते बघितलं. अक्षर वाकडं होतं, भाजलेल्या हाताने केल्यासारखं. पण पाच महिने काही हात भाजलेला राहत नाही, तेव्हा ती माझी कल्पना असेल.

गल्ली जमली. दार माझ्या दारात आडवं होतं आणि त्याभोवती सल्ले उभे होते.

"घेऊ नका!" पोस्टमास्तर म्हणाले. "घेतलंत की गरज भागली असं धरतील."

"घ्या हो," शेगडीवाला म्हणाला, "आज दार आलंय, पुढच्या वेळी खिडकी मागू."

"लावणार कुठे पण?" शिंप्याला राहवेना. इतक्या महिन्यांनी माझ्याशी हे त्याचं पहिलं वाक्य.

सुतार आला. त्याने दार मोजलं, खबदाड मोजलं, आणि म्हणाला, "दार चार बोटं मोठं आहे. खोली वाढवता का दार तासू?" शेवटी त्याने भिंत तासली. दुपारपर्यंत पडदा उतरला, ट्रंका माझ्या डोक्याशी आल्या, गाद्या दादाच्या पायाशी गेल्या, आणि अर्ध्या खोलीला दार लागलं. आत फक्त शिवणयंत्र आणि एक स्टूल. ती खोली पूर्ण झाली नाही, पण अर्धीही राहिली नाही.

प्रत्येकाला अर्धा तास, असं ठरलं. आई पहिली. तिने आत जाऊन कडी लावली, आणि तो आवाज ऐकून आम्ही आठजण बाहेर एकदम सरळ झालो, जसं काही मोठं घडलं. मग आतून बारीक बोलणं ऐकू येऊ लागलं. दादाने रेडिओ लावला आणि मोठा केला, म्हणजे ऐकू येऊ नये. असं शहाणपण माझ्या भावात आहे हे मला तेव्हा कळलं.

वहिनी आत गेल्या आणि खोकल्या. दोन हिवाळ्यांचं खोकल्या. बाहेर आल्यावर बायकोने त्यांना तशाच दवाखान्यात नेलं. काही गंभीर नव्हतं, पण औषध त्यांना केव्हाच मिळायला हवं होतं. दादा आत जाऊन झोपला. मुलींनी आत काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. माझ्या पाळीला मी स्टुलावर बसलो आणि मला काय करावं ते सुचेना. गाणं म्हणायची गरज नव्हती.

बायकोने सगळ्यांना आधी जाऊ दिलं. तिचा नंबर दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. आत जाताना तिने माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. पण हा अबोला नव्हता. ह्यात आईची, दादाची, वहिनींची गरज लागली नाही.

कडी लागली. मग निघाली. पुन्हा लागली. पुन्हा निघाली. पुन्हा लागली, आणि लागलेलीच राहिली.

अर्धा तास झाला. पाऊण झाला. वहिनींनी घड्याळाकडे बघणाऱ्या मुलींना डोळ्यांनी दटावलं. मी दाराबाहेर ट्रंकेवर बसून होतो. तेवढ्यात पोस्टमास्तर धापा टाकत आले, हातात छापील कागद.

"ऐकलंत का? नवी पाहणी निघाली! ह्या वेळी चुली नाहीत, दारं मोजणार आहेत! एका दाराआड राहतील ते एक कुटुंब! आता आधी सांगा, घरातलं दार धरायचं की..."

"हळू बोला काका," मी म्हणालो. "आत माणूस आहे."